लुगडी, बरण्या आणि बंब : कापायचे काय, ठेवायचे काय?

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. आमच्या सांगलीजवळच्या जुन्या घराची वाटणी झाली असून ते आता पाडले जाणार आहे. दिवाळीपूर्वी घर रिकामे करायचे असल्यामुळे माळ्यावरचे बहुतेक सामान आमच्या सदनिकेत येऊन पडले आहे. सासूबाईंची चाळीसेक सुती लुगडी आणि पातळे, मामंजींची धोतरे, जरीच्या दोन साड्या, लोणच्याच्या सहा बरण्या, तांब्याचा बंब, पितळेची भांडी, रंगवलेल्या सागवानी खिडक्यांची दारे, पायाने चालवायचे शिलाई मशीन आणि एक जाते एवढा हा पसारा आहे. मी नुकतीच नोकरीतून निवृत्त झाले आहे आणि या सगळ्यातून हाताने काही वस्तू करून दिवाळीच्या प्रदर्शनात विकाव्यात, असे मनात आहे. उत्साहाच्या भरात पुण्याच्या जुन्या बाजारातून किटल्या, कंदील आणि बाटल्या अशी दोन पोतीही घेऊन आले.

सुरुवात मात्र फसली. बरणीवर काढलेली चित्रे महिनाभरात पापुद्रे होऊन निघाली आणि लुगड्याचे शिवलेले उशांचे अभ्रे दोन महिन्यांत शिवणीशी फाटले. यजमान या सगळ्याला भंगार म्हणतात. मुलगी म्हणते की शहरांत अशा वस्तूंचे हजारो रुपये मिळतात. सासूबाई ऐंशी वर्षांच्या आहेत. त्या काही बोलल्या नाहीत, पण कापायला काढलेल्या ढिगातून त्यांनी एक हिरवे लुगडे हळूच काढून स्वतःच्या उशीखाली ठेवले. तेव्हापासून कात्री हातात घ्यायला मन होत नाही. सुरुवात कशापासून करावी, किंमत कशी ठरवावी आणि त्या जात्याचे काय करावे, हे कळवाल का?

— एक वाचक, सांगली

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य हिरव्या लुगड्याचे आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. घर मोडते तेव्हा त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सहसा कोणी काही विचारत नाही, कारण विचारले तर ते 'काहीच टाकू नका' म्हणतील, अशी सगळ्यांना धास्ती असते. अनुभव बहुधा उलटा येतो. चाळीस लुगड्यांपैकी पाच-सहा त्या ठेवून घेतील आणि उरलेल्यांकडे पाहून 'ही ने, ही विरली आहे' असे त्याच सांगतील. तेव्हा एका दुपारी सगळी चळत त्यांच्यासमोर ठेवा, त्यांना हवी ती आधी निवडू द्या, नणंदा-जावांना एखादे हवे असेल तर तेही विचारून घ्या आणि त्यानंतर जे उरेल तेच तुमचे सामान समजा. उशीखालच्या लुगड्याविषयी मात्र काही विचारू नका. वाटणीच्या घरातून आलेली वस्तू विकायला मांडण्याआधी ती आपल्या वाट्याची आहे, हे सर्वांना ठाऊक असणे भावनेइतकेच व्यवहाराच्याही दृष्टीने आवश्यक आहे. पुढे प्रदर्शनात जाऊबाईंनी सासूबाईंचा पदर कुणा परक्याच्या पिशवीवर ओळखला, तर त्या दिवसाची कमाई महागात पडेल.

आता तुमचे दोन फसलेले प्रयोग पाहू, कारण त्यांच्यात पुढच्या कामाचे सारे सूत्र आहे. लोणच्याच्या बरणीवरची झिलई म्हणजे भट्टीत वितळून बसलेला काचेचा थर असतो. त्याला छिद्रे नसतात, त्यामुळे वरून लावलेल्या ॲक्रिलिक रंगाला धरायला जागाच मिळत नाही आणि तो वाळल्यावर साय निघावी तसा निघतो. उशीच्या अभ्र्याचे कारण वेगळे आहे. तीस-चाळीस वर्षे नेसलेले, धुतलेले आणि उन्हात वाळवलेले सुती कापड अंगाला मऊ लागते, कारण त्याचे धागे झिजलेले असतात. असे कापड एकेरी वापरून कापूस ठासलेल्या उशीवर ताणून बसवले की सगळा ताण शिवणीच्या एका ओळीवर येतो आणि कापड तिथेच सुटते. म्हणजे दोन्ही ठिकाणी वस्तूला जे जमणार नव्हते तेच आपण तिच्याकडून करून घ्यायला गेलो. जुन्या वस्तूत कोणती ताकद शिल्लक आहे हे आधी पाहावे आणि तेवढेच काम तिला द्यावे, एवढा एक विचार सांभाळला तर तुमच्या पसाऱ्यातले निम्मे प्रश्न सुटतील.

याला जोडून माझा दुसरा आग्रह आहे, आणि त्याबाबत मी थोडी हट्टी आहे. केलेली जोडणी पुन्हा सुटी करता आली पाहिजे. शिवण उसवता येते, स्क्रू काढता येतो, दोरी सोडता येते. काचेच्या बाटलीवर मात्र डिंक थापून, त्यावर सुतळी, टिकल्या, चमकी आणि प्लास्टिकची फुले चिकटवली की ती बाटली ना धुता येते, ना भंगारवाला घेतो. वर्षभराने धूळ साचली की ती थेट कचऱ्यात जाते, म्हणजे ज्या काचेचा भट्टीत जाऊन पुन्हा काच होण्याचा मार्ग मोकळा होता, तो आपण कलेच्या नावाखाली बंद केलेला असतो. आइस्क्रीमच्या काड्या आणि जुन्या सीडी यांच्या शोभेच्या वस्तूंविषयी मी यापेक्षा अधिक काही लिहीत नाही.

सुरुवात कापडापासूनच करा, कारण तुमच्याकडे ते सर्वाधिक आहे आणि त्याचे काय करायचे हे आपल्याकडच्या बायकांना शतकानुशतके ठाऊक आहे. गोधडी म्हणा, वाकळ म्हणा, तिचे सारे कसब झिजलेल्या कापडाला पुन्हा कामाला लावण्याचे आहे. एकेक थर कमकुवत असला तरी चार-पाच थर एकावर एक अंथरून त्यांतून बोटाच्या पेरापेक्षा कमी अंतरावर धावदोरा घातला की ताण एका ओळीवर न राहता शेकडो टाक्यांत वाटला जातो. म्हणूनच जे कापड अभ्रा म्हणून दोन महिने टिकले नाही, तेच गोधडीत अनेक वर्षे टिकते. एवढे होऊनही गोधडी विरलीच, तर ती नव्या गोधडीच्या पोटात जाते. कर्नाटकातल्या, गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर-हल्याळ भागातल्या सिद्दी समाजाच्या बायका अशीच 'कवंदी' शिवतात. त्या कडेपासून सुरुवात करून चौकटी-चौकटीने मध्याकडे येतात आणि शेवटी चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या चिंध्यांची तिकोनी फुले लावतात, ज्यांच्यावाचून गोधडी पुरी झाली असे मानले जात नाही. कडेपासून आत शिवत येण्याची पद्धत तुम्हीही वापरून पाहा. फक्त प्रत्येक फेरीला थर हाताने बाहेरच्या बाजूला सारखे करून घ्या, नाहीतर मध्यभागी कापडाचा फुगा राहतो.

कात्री लावण्यापूर्वी प्रत्येक लुगडे उजेडासमोर धरून पाहा. नेसताना जो भाग खाली घोळतो आणि ज्यावर आपण बसतो, तो विरलेला असतो आणि कमरेला आत खोचले जाणारे टोक बहुधा शाबूत असते. त्यानंतर कापड दोन्ही हातांच्या अंगठ्यांखाली घट्ट धरून एकदा उभ्या आणि एकदा आडव्या धाग्याच्या दिशेने झटका द्या. धागे तुटल्याचा आवाज आला तर तो तुकडा फक्त आतल्या थरासाठी, आवाज आला नाही तर वरच्या थरासाठी. खळ घालून वर्षानुवर्षे घडी करून ठेवलेल्या कापडाला कसर लागलेली असते आणि घडीच्या रेषेवर ते चिरते, म्हणून घड्यांच्या रेषा नीट पाहा. रंग सुटतो का हेही पाहिले पाहिजे. ओले पांढरे फडके कापडावर ठेवून वरून गरम इस्त्री फिरवली की जे काय ते लगेच कळते. लाल आणि गडद निळ्या लुगड्यांबाबत ही परीक्षा चुकवू नका. रंग सुटणारे कापड मिठाच्या पाण्यात भिजवले की पक्के होते या घरगुती उपायावर विसंबू नका. असे कापड पाणी नितळ येईपर्यंत वेगळे धुवावे आणि तरीही रंग जात राहिला तर पांढऱ्या धोतराच्या शेजारी ते लावू नये.

माझ्या हातून झालेली एक चूक इथे सांगण्यासारखी आहे. पहिल्या गोधडीला मी कौतुकाने कोऱ्या मांजरपाटाचे अस्तर लावले आणि पहिल्याच धुण्यात ते आटले. वरची लुगडी आटण्याचे सगळे वय उलटून गेलेली होती, त्यामुळे गोधडीभर चुण्या पडल्या आणि दोन ठिकाणी जुने कापड फाटले. नवे कापड लावायचेच असेल तर ते आधी दोनदा गरम पाण्यातून काढावे. तुमच्याकडे तर मामंजींची धोतरे आहेत. अस्तराला त्यांच्यासारखे दुसरे कापड नाही.

कापड किती लागेल याचा अंदाज देते. नऊवारी लुगडे सुमारे 8.2 मीटर लांब आणि साधारण 1.1 मीटर पन्ह्याचे असते, म्हणजे त्यात नऊ चौरस मीटर कापड असते. दीड मीटर रुंद आणि 2.1 मीटर लांब गोधडीच्या एका थराला तीन चौरस मीटरपेक्षा थोडे अधिक लागते, म्हणजे एका लुगड्यात तीन थरही पुरते बसत नाहीत. पाच थरांच्या गोधडीला एक नऊवारी, एक पाचवारी आणि काही तुकडे असा हिशेब धरा. याउलट 90 सेंटिमीटर चौरस मापाचे तीन थरांचे बाळाचे दुपटे करायचे असेल, तर एका पाचवारीत दोन दुपटी होतात. आजीच्या लुगड्याच्या दुपट्याइतके मऊ कापड बाजारात विकत मिळत नाही आणि हे गिऱ्हाइकाला समजावून सांगावे लागत नाही. दुपट्यासाठी निवडलेले कापड उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवावे आणि त्यावर मणी, टिकल्या, बटणे असे बाळाच्या तोंडात जाणारे काहीही लावू नये.

आता किंमत. हा प्रश्न तुम्ही दुसरा विचारला असला, तरी काय शिवायचे हे त्यावरूनच ठरवावे लागेल. वर दिलेल्या मापाच्या गोधडीवर दीड सेंटिमीटर अंतराने उभे धावदोरे घातले, तर शंभर ओळी होतात आणि प्रत्येक ओळ 2.1 मीटरची असल्यामुळे एकूण 210 मीटर शिवण होते. पाच थरांतून हाताने तासाला चार मीटर शिवून होते असे समजा, तुमचा वेग तुम्ही घड्याळ लावून एकदा मोजून घ्याच. या वेगाने एका गोधडीला बावन्न-त्रेपन्न तास लागतात. स्वतःच्या तासाची किंमत 100 रुपये धरली तरी मजुरीच 5,200 रुपयांच्या वर जाते आणि कापड धुणे, कापणे, दोरा, प्रदर्शनातल्या जागेचे भाडे हे सगळे त्यापुढचे. दीड-दोन हजारांना गोधडी विकणारी बाई स्वतःच्या हातांना तासाला चाळीसाच्याही खाली मजुरी देते, आणि तिच्या शेजारी बसून योग्य किंमत सांगणाऱ्या दुसरीचेही ती नुकसान करते. तुमची मुलगी म्हणते ते हजारो रुपये खोटे नाहीत, पण ते वस्तूच्या जुनेपणाचे नसून या तासांचे आहेत, हे यजमानांनाही सांगा.

म्हणून या दिवाळीला गोधड्या विकायला ठेवूच नका. नमुन्याला एक करा, तीही घरासाठी, आणि तिच्याकडे पाहून कोणी मागणी नोंदवली तर आगाऊ रक्कम घेऊन सवडीने शिवा. विक्रीसाठी लहान वस्तू घ्या. 45 सेंटिमीटर चौरस बसकराला तीस ओळी, म्हणजे साडेतेरा मीटर शिवण आणि साधारण साडेतीन तास लागतात. स्वयंपाकघरात गरम भांडे धरायच्या वीतभर फडक्याला कडा दुमडण्यासकट साधारण तासभर पुरतो. बटवे, चंच्या, पोथीची बासने, चष्म्याची घरे हे सगळे आधी मोठे कापड गोधडीसारखे शिवून घेऊन मग त्यातून कापायचे, म्हणजे उशीच्या अभ्र्यासारखी गत होत नाही. काठ आणि पदर वेगळे काढून ठेवावेत, कारण काठाची वीण घट्ट असते आणि बटव्याचे तोंड, पिशवीचे बंद, बसकराची किनार यांना तोच कामाला येतो.

सासूबाईंना सुई ओवून दिलीत तर त्या धावदोरा घालतील का, हे विचारून पाहा. या वयात नजर साथ देत नसेल, तर कोणते कापड वरच्या थराला आणि कोणते पोटात, हे त्यांच्या बोटांना तुमच्या अंगठ्यांपेक्षा लवकर कळेल.

इथे त्या पायमशिनीचा विषय येतो. बहुतेक लोक असे मशीन मिळाले की वरचा भाग भंगारात देतात आणि खालच्या बिडाच्या सांगाड्यावर फळी ठोकून टेबल करतात. तुमचे मशीन चालत असेल तर कृपा करून तसे करू नका. तेल, नवा पट्टा आणि जाड सुई एवढ्यावर ही जुनी सरळ टाक्याची मशिने चार-पाच थर सहज शिवतात आणि तुमच्या संपूर्ण उद्योगाचे हत्यार तेच आहे. वेग पायाच्या ताब्यात असल्यामुळे विरलेल्या कापडावर ते विजेच्या मशीनपेक्षा अधिक सांभाळून चालवता येते. फडकी आणि बसकरे यांच्या कडा त्यावर घ्या, मधले टाके हाताचे राहू द्या. ते दुरुस्त होण्यापलीकडे गेले असेल तरच टेबलाचा विचार करा. त्या वेळीही सांगाडा कापू किंवा जोडू नका, कारण बीड हे ठिसूळ असते आणि साध्या वेल्डिंगने त्याला तडे जातात. 90 बाय 45 सेंटिमीटरची, अडीच सेंटिमीटर जाडीची कडप्प्याची फरशी नुसती वर ठेवली तरी ती पंचवीस किलोंच्या वर भरते आणि जागची हलत नाही. पायटा मात्र तारेने बांधून टाका, लहान मुलांची बोटे त्यात सापडतात.

जरीच्या दोन साड्यांना कात्री लावण्याची घाई करू नका. जुन्या चांगल्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून तिला सोन्याचे पाणी दिलेले असते, तर नकली जरीत तांब्याची तार असते. झिजलेल्या जागी तारच लालसर दिसली तर तांबे. काळसर पडलेली जर मात्र खरी असण्याची शक्यता असते, कारण चांदी हवेने काळी पडते. ओळखीच्या सराफाकडून कसोटीवर पाहून घ्या. दारावर येऊन 'जुनी जरीची साडी द्या' म्हणणाऱ्याला तोवर काहीही देऊ नका. रेशीम घडीवर चिरत असेल तर साडी पुन्हा नेसण्याजोगी होणार नाही, पण काठ-पदर कापून घेऊन ते सुती अस्तरावर हाताने टाचले की तोरण किंवा चौरंगावरचे आसन उत्तम होते. साडी शाबूत असेल तर ती साडीच राहू द्या. तिची पिशवी करणे म्हणजे चांगल्या आंब्याचा कोय-साल वेगळी करून मुखवास करण्यासारखे आहे.

खिडक्यांच्या दारांबाबत मी तुम्हाला जरा भीती घालणार आहे. समाजमाध्यमांवर अशी दारे घासून, रंगांचे थर उघडे पाडून त्यांचे आरसे आणि खाण्याचे ट्रे केलेले दिसतात. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपेक्षा अधिक असू नये, हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या तैलरंगांत, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या छटांत, शिसे भरपूर असू शकते. असा रंग कोरड्या पॉलिश पेपरने घासला की शिशाची धूळ घरभर होते आणि लहान मुलांच्या मेंदूला ती कायमची इजा करू शकते. ज्योत लावून रंग जाळणे त्याहून वाईट. म्हणून ही दारे घरात घासू नका. सुटे पापुद्रे तेवढे ओल्या फडक्याने टिपून काढा, वरून वॉर्निशचे दोन हात देऊन रंग आत बंद करा आणि दार भिंतीवर, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर टांगा. त्याचा ट्रे, पाळणा किंवा मुलांचे कपाट करू नये. लाकूड कोरे करायचेच असेल तर ते सुताराकडे द्या आणि तो उघड्यावर, पाणी मारून, तोंडाला चांगला मास्क लावून काम करील एवढे पाहा. त्याआधी लाकडावर बोटांनी टकटक करा. बद्द आवाज आला किंवा खाली बारीक भुसा पडलेला दिसला तर आत वाळवी किंवा किडा आहे, आणि असे लाकूड सदनिकेत आणणे म्हणजे चांगल्या फर्निचरची वाट लावणे आहे. कड्या, कोयंडे आणि बिजागऱ्या मात्र काढून ठेवा. नव्या घरांना जुन्या घडणीच्या कड्या हव्या असणारे लोक आहेत.

बंबाचे काहीही करू नका, म्हणजे त्याला भोक पाडू नका, रंगवू नका आणि दिवाही करू नका. काही वस्तूंचे मोल त्या अखंड असण्यात असते. पुण्याच्या बाजीराव रस्त्यावरचे राजा दिनकर केळकर संग्रहालय एकदा सासूबाईंना घेऊन पाहून या. दिनकर गंगाधर केळकर यांनी 1920 च्या सुमारास जमवायला सुरुवात केलेल्या आणि पुढे शासनाच्या स्वाधीन केलेल्या त्या संग्रहात दिवे, अडकित्ते, वजऱ्या, फण्या अशा रोजच्या वापरातल्या वस्तूंची दालनेच्या दालने आहेत, आणि त्यांतली एकही वस्तू दुसरे काही बनवण्यासाठी मोडावी असे पाहणाऱ्याला वाटत नाही. बंब चिंच-मिठाने उजळून दाराशी ठेवा किंवा अखंड विका. मोडीच्या भावाने देण्यापूर्वी वजन आणि चालू दर स्वतः विचारून घ्या. शंभर वर्षांहून जुनी कलात्मक वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते. तिच्या व्यापाराला परवाना लागतो आणि ती देशाबाहेर पाठवता येत नाही, तेव्हा असे काही हाती लागले आणि मुलीच्या परदेशातल्या मैत्रिणीने मागितले तर थांबा.

पितळेची पातेली कुंड्या म्हणून विकण्याचा मोह होईल. ओली माती आणि खत यांनी पितळ हिरवे पडते आणि मुळांनाही ते मानवत नाही, म्हणून रोप प्लास्टिकच्या कुंडीतच ठेवून ती कुंडी पातेल्यात ठेवायची. खरे तर पातेले स्वयंपाकालाच परत न्यावे. कल्हईवाला शोधून कल्हई लावून घ्या आणि विकताना गिऱ्हाइकाला सांगा की कल्हई म्हणजे कथील आहे, ते 232 अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून पातेले रिकामे तापवू नये. कल्हई उडालेल्या पितळेत आंबट पदार्थ ठेवू नये हे सासूबाई सांगतीलच.

किटल्या आणि कंदील यांचे विजेचे दिवे होतात आणि ते विकलेही जातात, पण धातूच्या अंगाला वीज जोडताना तीन तारांची वायर वापरून अर्थिंगची तार त्या धातूला पक्की जोडलीच पाहिजे. तार ज्या भोकातून आत जाते तिथे रबरी कडी बसवा, नाहीतर पत्र्याच्या धारेने आवरण कापले जाते. बल्ब एलईडीचा घ्या, तो कमी तापतो. हे काम वायरमनकडूनच करून घ्या आणि त्याची मजुरी किमतीत धरा. कोणाच्या घरी शॉक बसला तर तो तुमच्या किटलीचा बसेल.

बरण्यांविषयी थोडक्यात. झिलईला बारीक तडे असतील तर त्यांत तेल-मीठ मुरते, म्हणून अशी बरणी लोणच्याला पुन्हा वापरू नये. झाकण नीट बसत असेल आणि तडे नसतील तर ती न रंगवता, चुन्याच्या निवळीने स्वच्छ करून, तोंडाला लुगड्याच्या काठाचा दादरा बांधून विका. पाण्यात वाढणाऱ्या मनीप्लांटसाठी तडे गेलेली चालते. बाटल्या रॉकेलमध्ये भिजवलेला दोरा पेटवून कापण्याचे प्रयोग करू नका. काचेच्या धारा आणि आग दोन्ही हाताशी घेऊन बसण्याइतके त्यातून काही मिळत नाही. अख्ख्या बाटल्या कचरावेचकांच्या हाती द्या.

त्या दोन पोत्यांतल्या बाकीच्या वस्तूही अशाच निवडा आणि घरातले कापड संपेपर्यंत जुन्या बाजाराची वाट धरू नका. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे जाताना काय करायचे हे मनात पक्के करून, मापे कागदावर लिहून गेले तरच पैसे वाचतात. मोकळ्या हाताने गेलेला माणूस पोते भरून येतो, हे तुम्ही अनुभवले आहेच.

राहता राहिले जाते. काच ठेवून त्याचे टेबल केलेले मी पाहिले आहे आणि ते दिसायलाही वाईट नसते, पण जाते अजून दळू शकते. लग्नघरात हळद दळायला आजही जाते लागते आणि सदनिकांमध्ये ते कोणाकडे नसते. दोन्ही तळ्या एकमेकींवर ठेवून, फरशीला चरे पडू नयेत म्हणून खाली जाड गोणपाट घालून ते गॅलरीच्या कोपऱ्यात, भिंतीला धरून ठेवा. ओळखीपाळखीत कळू द्या की तुमच्याकडे जाते आहे. टाकी लावणारा, म्हणजे छिन्नीने दगड पुन्हा खरखरीत करून देणारा, भेटला तर एकदा टाकी लावून घ्या आणि मधला खुंटा लाकडी असेल तर तो आधी बदला. दगडाला काही होत नाही, खुंटा मात्र माळ्यावर किडून गेलेला असतो.